लोर्नाला ‘नाही’ कोण सांगणार?

लोर्ना कांगासला कोणी केक देऊ केला, तर ती आधी विचारते, “कोणाला काढलं?” यात विनोद नाही. ती ज्या लोखंडाच्या खाणीत कामाला होती, तिथे जेवणाच्या खोलीत भलामोठा चौकोनी केक आला आणि त्यावर क्रीमने ‘तुमचे आभार’ लिहिलेलं दिसलं, की त्याच आठवड्यात माणसं घरी बसायची. तिच्या बापाने तो केक खाल्ला होता, नवऱ्याने खाल्ला होता, आणि गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तिच्याही हातात कागदी बशी आली. तिने तुकडा तसाच कचऱ्यात टाकला. तरी खाण बंद झालीच.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डलूथ शहर आहे, त्याच्या उत्तरेला तो सगळा खाणपट्टा. तिथली माणसं म्हणजे फिनलंड, स्लोव्हेनिया असल्या ठिकाणांहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. बोलायला कंजूष आणि स्वतःबद्दल बोलायला तर महाकंजूष. ‘मी केलं’ असं म्हणणारा माणूस तिथे एकदा चेष्टेचा विषय झाला की जन्मभर सुटत नाही. लोर्ना खाणीतल्या यंत्रांना हुकूम देणाऱ्या संगणकांवर होती. नवीन सॉफ्टवेअर आलं की ते यंत्राला जोडायच्या आधी त्याची खोट शोधायची, हे तिचं काम. हे काम तिने वीसेक वर्षं केलं. संशयी माणसाला याहून चांगली नोकरी कुठे मिळणार?

आता नवीन हवी होती आणि लवकर हवी होती. नवरा वेन याला कंपवात. गोळ्या वेळेवर मिळाल्या तर तो स्वतःच्या शर्टाची बटणं लावतो, एक खेप चुकली तर कप धरता येत नाही. या देशात नोकरीच्या शेपटीला विमा बांधलेला असतो. खाणीचा विमा उन्हाळा लागेपर्यंत चालणार होता, पुढे गोळ्यांचं काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. लोर्नाला पगाराची हौस नव्हती. तिला वेनचे हात हवे होते.

खाणपट्ट्यात सरकारी रोजगार कचेरी आहे, तिथे तिला क्रिस्टल नावाची मुलगी भेटली. क्रिस्टलचं काम म्हणजे खाणीतून सुटलेल्यांना ‘सॉफ्ट स्किल्स’ शिकवणं: हसायचं कसं, डोळ्यांत बघायचं कसं, आपलं कौतुक आपणच करताना आवाज कसा ठेवायचा. लोर्नाला पहिल्या दिवसापासून संशय, की या पोरीला माणशी दर मिळत असणार. तरी ती जात राहिली, कारण तिच्या दोन मुलाखती ओळीने फुकट गेल्या होत्या. पहिलीत तिने ‘तुमची बलस्थानं सांगा’ याला उत्तर दिलं, “ते दुसऱ्यांनी सांगायचं असतं.” आणि गप्प बसली. दुसरीत क्रिस्टलने शिकवल्याप्रमाणे ती तासभर हसत राहिली. मुलाखत घेणाऱ्यांनी कळवलं, की उमेदवार खरी वाटली नाही. घ्या. खरी होती तेव्हा गप्प म्हणून गेली, बोलकी झाली तेव्हा खोटी म्हणून गेली.

क्रिस्टल शेवटी वैतागली. ती म्हणाली, “लोर्नाबाई, तुम्ही हसा नाहीतर रडा, त्याने काही होणार नाही. तुमच्या तोंडावर संशय लिहिलेला असतो. समोरचा चांगलं बोलला की ते चांगलंच आहे असं एकदा, फक्त एकदा समजून बघा.” लोर्नाने हे बजावलेलं डोक्यात ठेवलं. हे सगळं मला तिने नंतर सांगितलं. तेव्हा आमची ओळखही नव्हती.

ओळख झाली तिच्या तिसऱ्या मुलाखतीत, आणि मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. आमची कंपनी लहान आहे, डलूथमध्येच, तिथल्या मोठ्या सरोवराच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी. दवाखान्यांच्या भेटींच्या वेळा लावणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. ते तपासणारा माणूस हवा होता, तोही येत्या सोमवारपासून. भारतातून येऊन मला इथे इतकी वर्षं झाली, की माझ्या बर्फाच्या बुटांनाही पेन्शन द्यायची वेळ आली. पण ‘सॉफ्ट स्किल्स’ हे शब्द ऐकले की अजून माझे कान टवकारतात. कारण मी पाहिलंय, की जे कारण तोंडाने सांगता येत नाही ते या पोतडीत टाकतात. वय जास्त वाटलं, टाका पोतडीत. बोलण्याचा हेल आवडला नाही, टाका पोतडीत.

तरी एक कबूल करायला हवं. आधीचा तपासनीस ड्वेन कामात हुशार होता, पण दुसऱ्याच्या कामातली चूक तो अशी दाखवायचा की समोरचा चूक सुधारायच्या ऐवजी ड्वेनला कसा सुधारावा याचाच विचार करायचा. शेवटी लोक त्याच्यापासून चुका लपवायला लागले, आणि एका दवाखान्यात एकाच खुर्चीवर तीन म्हाताऱ्यांना एकाच वेळी बोलावलं गेलं. तेव्हा चूक सांगणाऱ्याला ती सांगता आली पाहिजे, यात शंका नाही. माझी शंका एवढीच, की ते ओळखणार कोण आणि कशावरून.

मुलाखतीला आम्ही तिघं होतो. विभागाचा प्रमुख टॉड, माणसं भरायचं काम बघणारी बेव्ह आणि मी. बेव्ह म्हणजे अस्सल मिनेसोटाची. दारात बर्फात अडकलेल्या अनोळखी माणसाची गाडी स्वतः ढकलेल, पण त्याच माणसाला ‘तुझी गाडी चुकीच्या जागी आहे’ हे मरेपर्यंत सांगणार नाही. तिने घरून लिंबाच्या वड्या करून आणल्या होत्या. लोर्ना आत आली, बसली, वड्यांकडे बघितलं आणि बेव्हला म्हणाली, “कोणाला काढलंत?”

आदल्याच आठवड्यात आम्ही दोघांना काढलं होतं आणि ते बाहेर कोणाला माहीत नव्हतं. टॉडच्या मानेवर लाल चट्टे आले. बेव्ह म्हणाली, “अगं, तू किती गमतीशीर आहेस!” लोर्नाने मला नंतर सांगितलं, की ओळख ना पाळख आणि ही बाई ‘अगं’ म्हणाली तेव्हाच तिने मनातल्या मनात पाकीट चाचपलं होतं.

कामाचे प्रश्न तिने सहज सोडवले. आमचाच एक नमुना पुढे ठेवला होता, त्यातल्या चुका तिने शांतपणे सांगितल्या, कोणाचा पाणउतारा न करता. “हे लिहिणाऱ्याला घाई होती बहुतेक,” एवढंच म्हणाली. मग टॉडने विचारलं, की तुमच्या हातून झालेलं एखादं मोठं काम सांगा. तिने सांगितलं, की एकदा खनिज वाहून नेणारा मोठा पट्टा उलटा फिरणार होता, तो आम्ही आधीच थांबवला. टॉड म्हणाला, आम्ही म्हणजे कोण? ती म्हणाली, आमची पाळी, शिफ्टमधली सगळी माणसं. त्यात तुमचा वाटा काय? ती म्हणाली, पाळीचा असतो तो. टॉडने लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला उलटं वाचता आलं: ‘स्वतः पुढाकार नाही.’ तिनेच थांबवला होता तो पट्टा, हे मला तिच्या बोलण्यावरून उघड दिसत होतं. खाणपट्ट्यात ‘मी’ म्हणून सांगितलं असतं तर ती तिथल्या माणसांतून उठली असती.

शेवटी ताटलीत एक वडी राहिली. आता ही इथली रीत, की शेवटचा तुकडा कोणी घ्यायचा नाही. टॉडने सुरीने त्याचा अर्धा केला, बेव्हने त्या अर्ध्याचा अर्धा केला, असं ते चाललं होतं. लोर्ना बघत राहिली. मग म्हणाली, “कोणाला नकोय ना?” आणि उरलेली उचलून खाल्ली. खरंच कोणाला नको होती. पण बेव्हच्या चेहऱ्यावरून कळलं, की आता हे अवघड आहे.

नंतर आम्ही तिघं बसलो. मी म्हटलं, घ्या तिला, अशी माणसं रोज येत नाहीत. टॉड म्हणाला, कामात प्रश्नच नाही, पण सॉफ्ट स्किल्सचं काय? मी विचारलं, नेमकं कोणतं? चूक तर तिने ड्वेनपेक्षा शंभरपट चांगली सांगितली. बेव्हने हळू आवाजात सांगितलं, की तिला वाटतं या बाईचा कोणावर विश्वासच बसत नाही, आणि विश्वास नसला तर गट कसा जमणार? मी भांडले. दोनाविरुद्ध एक. निकाल लिहिला गेला: विश्वासाचं नातं जोडण्यात अडचण. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की ‘कोणाला काढलंत’ या प्रश्नाने टॉडची झोप उडाली होती आणि बाकीचं सगळं त्यावर घातलेलं पांघरूण होतं. पण संशयाला पुरावा लागतो, तो माझ्याकडे नव्हता.

नकाराचा फोन बेव्हने केला. आमच्याकडे उमेदवाराशी फक्त तिनेच बोलायचं, असा नियम आहे. माझं टेबल तिच्या शेजारी, त्यामुळे तिची बाजू सगळी ऐकू आली. “अगं लोर्ना, आम्ही सगळे तुझ्या प्रेमातच पडलो गं. इतका सच्चेपणा आजकाल कुठे बघायला मिळतो? आपलं हे नातं काही इथे थांबत नाही, बरं का. आमचं दार तुला उघडंच आहे.” मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं. बेव्ह क्षणभर अडकली आणि म्हणाली, “सोमवारचं ना? अगं, तू सोमवारची मुळीच काळजी करू नकोस.” आणि गोड हसून फोन ठेवला.

मी खुर्ची वळवली. म्हटलं, बेव्ह, तिला ‘नाही’ सांगितलंस का?

“सांगितलं की. अगदी स्पष्ट सांगितलं.”

म्हटलं, त्यात ‘नाही’ कुठे होतं? बेव्ह माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला भर चौकात कपडे काढायला सांगितले होते. म्हणाली, “नीला, मोठी माणसं आहेत. समजतं त्यांना.” डलूथच्या माणसाला समजलं असतं. इथे नकार असाच देतात, साखरेच्या पाकात बुडवून, आणि घेणाराही चाटूनपुसून घेतो. पण खाणपट्ट्यात नाही म्हणजे नाही आणि हो म्हणजे हो. तिथल्या माणसाला हा पाक कधी मिळालेलाच नसतो.

त्या संध्याकाळी तिकडे काय झालं, ते मला पुढे लोर्नानेच सांगितलं. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात उभी राहिली. नेहमीप्रमाणे संशय आला, की ही बाई इतकी गोड का बोलते? वेननेही विचारलं, “कागद आलाय का काही?” तिने क्रिस्टलचं बोलणं आठवलं. एकदा, फक्त एकदा. ती वेनला म्हणाली, “सोमवारची काळजी करू नकोस म्हणाली. म्हणजे मिळाली.” वेन म्हणाला, तुला वाटतंय ना, मग झालं. दुसऱ्या दिवशी तिच्या गावच्या शाळेतून रुडी झुपांचिचचा फोन आला. शाळेचे संगणक सांभाळायचं काम होतं. मोठं नव्हतं, पण विमा होता. लोर्नाने त्याचे आभार मानले आणि सांगितलं, की डलूथला झालंय माझं. दुसऱ्या कोणाला द्या, अडवून ठेवू नका.

सोमवारी मी ऑफिसात आले तर दाराशी चटईवर खाणकामगाराचे जड बूट नीट जोडून ठेवलेले. लोर्ना घरात घालायचे बूट घालून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेली. मांडीवर डबा, अंगात नवीन स्वेटर. मला बघून तिने मान हलवली. हसली नाही, पण चेहरा मोकळा होता. 

तिच्यासमोर कॉफी होती. ती स्वागताला बसणाऱ्या जोडी नावाच्या मुलीने दिली होती आणि मग जोडी जी आत गेली ती बाहेर आलीच नाही. बेव्ह जिन्यात अर्ध्यावर आली, लोर्नाला बघितलं आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत वर गेली. टॉड मात्र हिमतीने खाली आला. मला वाटलं, सांगतो आता. त्याने लोर्नाशी रस्त्यावरच्या बर्फाबद्दल विचारपूस केली, तिच्या गाडीच्या टायरची चौकशी केली, कॉफी अजून हवी का ते विचारलं आणि तो वर निघून गेला. लोर्ना बसून राहिली. असल्या सगळ्या कंपन्यांत पहिल्या दिवशी बसवून ठेवतात, असं तिला वाटत होतं.

वर गेले तर तिघं कॉफीच्या यंत्राभोवती उभे. जोडी डोळे पुसत होती. टॉड म्हणाला, फार वाईट वाटतंय. बेव्ह म्हणाली, “नीला, तूच सांग ना. तुमच्या लोकांना जमतं असलं.”

मला असा संताप आला, की तिच्या लिंबाच्या वड्यांसकट सगळं सरोवरात बुडवावंसं वाटलं. माणसाला नोकरी द्यायची की नाही हे ठरवताना यांनी बोलण्या-वागण्याच्या कौशल्याचे गुण मोजले होते, आणि आता अख्ख्या ऑफिसात खाली जाऊन एक वाक्य बोलायला कोणी नव्हतं. पण ती खाली बसली होती. मी खाली गेले आणि शेजारची खुर्ची ओढली.

म्हटलं, “लोर्ना, तुम्हाला नोकरी मिळालेली नाही. फोन नकाराचा होता. नीट सांगितला नाही, ही चूक आमची.”

तिने डब्याचं झाकण दाबून बघितलं, बसलंय का ते. मग विचारलं, “माझं काय चुकलं? काम?”

“काम नाही. काम उत्तम होतं.”

“मग?”

खोटं बोलावंसं वाटलं. पण तिला आतापर्यंत मिळालं होतं ते पुरे होतं. मी म्हटलं, “तुमचा माणसांवर विश्वास नाही, असं लिहिलंय.”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, समजून घेत असल्यासारखं.

“विश्वास नाही?” ती म्हणाली. “मग मी आज इथे कशी बसलेय?”

तिने आतले बूट काढून पिशवीत ठेवले, बाहेरचे चढवले, नाड्या दोनदा बांधल्या. मी कोट घेऊन तिच्यामागे गेले. का गेले ते माहीत नाही, पण तिला एकटं सोडवेना. गाडीत तिने हीटर लावला आणि मला आत बस म्हणाली. तेव्हाच तिने मला रुडीचं सांगितलं, वेनच्या गोळ्यांचं सांगितलं, क्रिस्टलचं सांगितलं. एका माणसाशी एवढं ती वर्षभरात बोलली नसेल. मी कधीही चांगलं काही ऐकलं की आधी त्यात काय लपलंय ते शोधते. या एका सकाळी मला मनापासून वाटत होतं, की कुठेतरी काहीतरी सरळ निघावं.

“शाळेला फोन करून बघा,” मी म्हटलं.

तिने केला. फोन गाडीच्या स्पीकरवर होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

“रुडी, लोर्ना बोलतेय. डलूथचं काही झालं नाही. तुमची जागा आहे?”

“नाही, लोर्ना. शुक्रवारी दिली.”

“कोणाला?”

“स्टॅनच्या मुलीला.”

“चांगली आहे ती.”

“हो. तुझं वाईट वाटतंय.”

“बरं,” लोर्ना म्हणाली आणि फोन ठेवला. तिने समोरच्या काचेतून आमच्या इमारतीकडे बघितलं. वरच्या मजल्यावर खिडकीशी कोणीतरी उभं होतं. बेव्ह असावी. तिने आमच्याकडे बघून हात हलवला, अगदी प्रेमाने.

लोर्नाने हात हलवला नाही. “ऐकलंस ना रुडीला?” ती मला म्हणाली. “त्याला ‘नाही’ म्हणायला कोणी शिकवायला आलं नव्हतं.” मग तिने सीटबेल्ट लावला आणि मला उतरायला सांगितलं, कारण वेनची दुपारची गोळी तिच्या हातून असते.